बूकलमून : रंग बदलतो, धागा नाही

मोराच्या पिसावर, साबणाच्या फुग्यावर, मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूवर आणि पावसाळ्यात रस्त्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगावर एकच गंमत दिसते. रंग डोळ्यांसमोर असतो, पण तो कोणता हे सांगता येत नाही. हिरवा म्हणावा तर मान जरा कलती करताच तो निळा होतो. निळा म्हणावा तर जांभळ्याकडे झुकतो. पीस तेच, ऊन तेच, पाहणाराही तोच. बदललेला असतो तो फक्त पाहण्याचा कोन.

अशा झळाळीला नाव काय द्यायचे? मराठीत आपण कधी 'मोरपंखी' म्हणतो, कापडाच्या दुकानात 'धूपछाव' म्हणतो. इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुले 'इरिडेसंट' हा शब्द शिकून येतात. पण अरबी, फारसी आणि उर्दूच्या ज्या वारशावर आपण हक्क सांगतो, त्यात या झळाळीसाठी हजार वर्षांपासून एक स्वतंत्र शब्द आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. तो शब्द म्हणजे 'बूकलमून'. उर्दू शायरीच्या वाचकांनी तो कधीतरी वाचला असेल आणि 'रंगीबेरंगी' असा अर्थ लावून पुढे गेले असतील. या शब्दाचा प्रवास मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. त्यात व्यापार आहे, विज्ञान आहे आणि आज आपल्या घरात उपयोगी पडेल अशी एक शिकवणही आहे.

धनुष्य कोणाचे?

आधी आकाशातल्या रंगांकडे पाहू. पावसानंतर दिसणाऱ्या कमानीला मराठीत 'इंद्रधनुष्य' म्हणतात, म्हणजे इंद्र देवाचे धनुष्य. ग्रीक लोक तिला आयरिस नावाच्या देवतेचे रूप मानत. त्याच आयरिसवरून अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'इरिडेसंट' हा शब्द घडवला गेला. डोळ्याच्या काळ्या बाहुलीभोवती जे रंगीत कडे असते त्यालाही 'आयरिस' म्हणतात, आणि १८०३ साली सापडलेल्या एका धातूला त्याच्या क्षारांच्या नाना रंगांमुळे 'इरिडियम' नाव मिळाले.

अरबीत या कमानीला 'कौसे कुजह' म्हणतात. कौस म्हणजे धनुष्य. 'कुजह'बद्दल मात्र मतभेद आहेत. काही भाषापंडित त्याचा अर्थ 'रंगांचे पट्टे' असा करतात. काहींच्या मते हे इस्लामपूर्व अरबांच्या एका दैवताचे नाव होते. हज करून आलेल्यांना मुज्दलिफा माहीत आहे. तिथल्या एका टेकडीचे नावही कुजह आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या नावाने एक रिवायत सांगितली जाते, की कुजह हे शैतानाचे नाव असल्याने 'कौसे कुजह' म्हणू नये, अल्लाहचे धनुष्य म्हणावे. इमाम नववी (रह.) यांनी 'अल-अज्कार'मध्ये तिचा उल्लेख केला आहे. हदीसच्या जाणकारांनी तिच्या सनदीला कमजोर म्हटले आहे आणि अरबीत हा शब्द आजही सर्रास चालतो. फारसीने सरळ 'रंगीन कमान' म्हटले. उर्दूतला 'धनक' तर आपल्या धनुष्याच्याच घरातला.

पण हे सगळे शब्द आकाशातल्या कमानीचे आहेत. त्या कमानीत रंगांचा क्रम ठरलेला असतो, तांबडा बाहेर आणि जांभळा आत. पिसावरच्या किंवा कापडावरच्या झळाळीत असा ठरलेला क्रम नसतो. तिथे एकाच जागी एकामागून एक रंग येतो आणि जातो. त्यासाठीचा शब्द मिळाला तो बाजारातून, एका कापडाच्या नावातून.

'अबू' झालेला परदेशी पाहुणा

बूकलमूनचे मूळ अरबी रूप 'अबू कलमून' असे आहे. ऐकताना वाटते की हे कोणा माणसाचे नाव असावे. पण अबू कलमून नावाचा कोणी माणूस नव्हता आणि त्याला कलमून नावाचा मुलगाही नव्हता. अरबीत 'अबू'चा अर्थ दर वेळी 'बाप' असा होत नाही. 'अमुक गोष्टीचा धनी' असाही होतो. मांजरीच्या पिलाच्या लळ्यामुळे एका सहाबींना अबू हुरैरा (रजि.) ही कुनियत मिळाली, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. पशुपक्ष्यांनाही अरब लोक अशी नावे देत. फुलवलेल्या पिसांत निरनिराळे रंग दाखवणाऱ्या एका पक्ष्याला ते 'अबू बराकिश' म्हणत.

अबू कलमून या नावाबद्दल अनेक अभ्यासकांचे मत असे, की हा मुळात 'हिपोकलामोन' हा ग्रीक शब्द होता आणि तो एका कापडाचे नाव होता. हे कापड रूमच्या मुलुखातून, म्हणजे बायझंटाईन साम्राज्यातून अरबांच्या बाजारात आले. अरबांनी परके नाव ऐकले आणि आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले. 'हिपो'चा 'अबू' झाला आणि एक परदेशी पाहुणा अरबी कुनियत लावून घरचा झाला. 'लिसानुल अरब' या प्रसिद्ध शब्दकोशातही अबू कलमूनचा अर्थ 'डोळ्यांना नाना रंग दाखवणारे रूमी कापड' असाच दिला आहे. फारसी बोलणारे 'अबू'चे 'बू' करतात, जसे बू अली सीना. त्यामुळे इराणात पोहोचेपर्यंत अबू कलमूनचा बूकलमून झाला आणि तिथून तो उर्दूत आला.

त्या ग्रीक शब्दात 'कलामोस' दडलेला आहे. कलामोस म्हणजे बोरू. बोरूपासून लेखणी होते आणि अरबीतला 'कलम' हा शब्द भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात. पवित्र कुरआनच्या पहिल्या वहीत ज्या कलमचा उल्लेख आला आणि ज्याच्या नावाने एक पूर्ण सूरह आहे, तोच हा कलम. तो मराठीतही आला आणि इथे त्याने आणखी रूपे घेतली. लेखणीला कलम म्हणतात, कायद्याच्या पोटभागाला कलम म्हणतात, आणि कोकणात झाडावर बांधतात तेही कलमच. म्हणजे कलमी हापूस आणि बूकलमून कापड हे, अभ्यासकांचे म्हणणे खरे असेल तर, दूरचे नातेवाईक ठरतात.

तिन्नीसचे माग

या कापडाचा सर्वांत जिवंत वृत्तांत नासिर खुसरो यांनी लिहून ठेवला आहे. नासिर खुसरो (जन्म १००४) हे मर्व येथे सरकारी नोकरीत होते. चाळिशीत त्यांनी नोकरी सोडली आणि हजसाठी निघाले. सुमारे सात वर्षे ते फिरत राहिले, चार वेळा हज केला आणि परतल्यावर फारसीत 'सफरनामा' लिहिला. हिजरी ४३९, म्हणजे इसवी सन १०४७ मध्ये ते कैरोला पोहोचले. वाटेत त्यांनी तिन्नीस हे शहर पाहिले.

तिन्नीस हे नाईलच्या मुखाजवळच्या, आज मंझाला सरोवर म्हणतात त्या पाण्यातले बेट. आजचे पोर्ट सईद तिथून जवळच आहे. चहूकडे खारे पाणी. नाईलला पूर आला की गोडे पाणी खाऱ्याला मागे रेटत असे, तेव्हा लोक मोठमोठी टाकी भरून ठेवत आणि वर्षभर तेच पाणी वापरत. शेतीला जागा नव्हती, पण माग होते. नासिर खुसरो सांगतात की तिथे पगड्यांसाठी आणि बायकांच्या कपड्यांसाठी 'कसब' नावाचे रंगीत तलम कापड विणले जाई, आणि बूकलमून तर जगात दुसरीकडे कुठेच विणले जात नसे. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रंगाचे दिसणारे ते कापड तिथून पूर्वेला आणि पश्चिमेला जात असे. खुद्द सुलतानासाठी उंटांच्या अंबाऱ्यांची आणि खोगिरांची आच्छादने बूकलमूनची असत.

तिथे ऐकलेल्या दोन गोष्टीही त्यांनी नोंदवल्या आहेत. एक अशी, की फारसच्या राजाने खास पोशाखासाठी वीस हजार दीनार तिन्नीसला पाठवले. त्याची माणसे कित्येक वर्षे तिथे राहिली, पण हवा तो पोशाख काही मिळाला नाही. दुसरी अशी, की रूमच्या बादशहाने मिसरच्या सुलतानाला कळवले, माझी शंभर शहरे घ्या आणि एक तिन्नीस द्या. सुलतानाने नकार दिला. या ऐकीव गोष्टी आहेत हे खरे, पण त्या कापडाचा दबदबा केवढा होता ते त्यातून कळते.

आम्हाला मात्र या वृत्तांतातली एक साधी नोंद अधिक मोलाची वाटते. नासिर खुसरो लिहितात की इतर मुलुखांत राजे आणि वजीर विणकरांकडून सक्तीने काम करून घेतात. तिन्नीसमध्ये सुलतानाच्या कामाचीही पूर्ण किंमत दिली जाते, म्हणून कारागीर ते खुशीने करतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. जगभर गाजलेल्या त्या झळाळीमागे वेळेवर चुकती केलेली मजुरी होती.

याच शहराच्या मागांवर काबा शरीफचा गिलाफही विणला गेल्याच्या नोंदी इतिहासकार मकरीझी यांनी दिल्या आहेत. पुढे सलीबी युद्धांच्या काळात तिन्नीसवर हल्ले होऊ लागले. आधी तिथली वस्ती हलवली गेली आणि १२२७ मध्ये अय्यूबी सुलतान अल-कामिल यांच्या हुकुमाने शहर पाडून टाकण्यात आले, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. आज तिथे मातीचा उंचवटा उरला आहे. कापड गेले, माग गेले, शब्द तेवढा राहिला.

इब्नुल हैसम यांनी काय पाहिले

व्यापाऱ्यांना या कापडाची किंमत कळली, तर एका आलिमाला त्यातला प्रश्न कळला. प्रकाशशास्त्राचे थोर अभ्यासक इब्नुल हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) बसऱ्याचे, पण आयुष्याचा मोठा काळ त्यांनी कैरोत काढला. तिन्नीसचे माग जोरात चालू होते तो हाच काळ. त्यांच्या 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात मोराच्या पिसांबरोबर अबू कलमून कापडाचाही उल्लेख येतो. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, उजेड जसा पडेल तसे त्यांचे रंग वेगळे दिसतात, असे त्यांनी नोंदवले. डोळ्याला दिसणारा रंग वस्तूवर अवलंबून असतो, तसाच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावरही, हे दाखवायला त्यांना हे उदाहरण उपयोगी पडले. बाजारातल्या कापडाच्या तुकड्याकडे किती बारकाईने पाहता येते, याचा हा धडा आहे.

पुढच्या शतकांत हे कोडे हळूहळू उलगडत गेले. १६६५ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोराचे पीस पाहिले आणि नोंदवले की ते पाण्याने भिजले की त्याचे झळाळते रंग नाहीसे होतात. रंग खरोखर पिसात मुरलेला असता तर पाण्याने गेला नसता. आज आपल्याला माहीत आहे की मोराच्या पिसात निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसतेच. आपल्या केसांत असते तेच काळपट तपकिरी मेलॅनिन त्यात असते. त्याच्या अतिसूक्ष्म काड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात आणि त्या रचनेवरून परतणारा प्रकाश निळा, हिरवा, सोनेरी दिसतो. शिंपल्याच्या आतल्या झळाळीचेही तसेच. चुन्याच्या जातीच्या पदार्थाचे, साध्या डोळ्यांना न दिसणारे पातळ थर एकावर एक बसलेले असतात. साबणाच्या फुग्यात तर पाण्याचा पातळ पापुद्राच हे काम करतो.

कापडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे धागे खरोखर रंगवलेले असतात. ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचे आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, दुसऱ्या रंगाचे. एका कोनातून उभे धागे अधिक चमकतात, दुसऱ्या कोनातून आडवे. कापडाला घडी पडली की एका बाजूला एक रंग उठतो आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन साधे, सरळ, पक्के रंग. पण एकमेकांत विणले की तिसराच काहीतरी जन्माला येतो.

कापडापासून सरड्यापर्यंत

शब्दांनाही पाय असतात. अबू कलमून कापडावरून निघाला आणि रंग पालटणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर जाऊन बसला. दहाव्या शतकातले मुस्लिम भूगोलकार सांगतात की अंदलुसच्या पश्चिमेला, आज पोर्तुगालमध्ये असलेल्या शंतरीनच्या बाजूला, समुद्रातला एक प्राणी खडकांवर अंग घासतो, त्याची रेशमासारखी मऊ सोनेरी लव गोळा करतात आणि तिचे कापड दिवसातून अनेक रंग दाखवते. आजचे अभ्यासक म्हणतात की ही लव प्राण्याची नसून एका मोठ्या शिंपल्याच्या तंतूंची असावी. त्या कापडाशीही हेच नाव जोडले गेले.

मग हा शब्द शॅमेलिऑन सरड्याला लागला. फारसी आणि उर्दू कोशांत बूकलमूनचा हा अर्थ सापडतो. गंमत अशी की या सरड्याचे रंग बदलण्याचे गुपितही रचनेतच आहे. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की एका जातीच्या शॅमेलिऑनच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. सरडा तिच्यातले अंतर कमी-जास्त करतो आणि त्याबरोबर रंग बदलतो. कापडाला आणि सरड्याला एकाच नावाने हाक मारणाऱ्या जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हते, पण त्यांची नजर चुकलेली नव्हती.

आजच्या इराणात मात्र बूकलमून म्हणजे टर्की हा पक्षी! त्याच्या मानेची कातडी कधी तांबडी, कधी निळसर दिसते, म्हणून. राजांना वीस हजार दीनार देऊनही न मिळालेला शब्द आता कोंबड्यांच्या बाजारात फिरतो. उर्दूत त्याचे नशीब बरे निघाले. तिथे 'बूकलमूनी' म्हणजे विविधता, सृष्टीची नाना रूपे. शेख सादी यांनी १२५८ साली लिहिलेल्या 'गुलिस्तान'च्या प्रस्तावनेत बागेचे वर्णन करताना झाडांच्या सावलीत पसरलेल्या गालिच्याला हाच शब्द वापरला आहे. पानांतून गळणारे ऊन आणि सावली मिळून जमिनीवर जे कापड अंथरतात, त्याला आपण 'धूपछाव' म्हणू.

आपल्या दख्खनचा धूपछाव

हे कापड आपल्याला परके नाही. पैठणी घेताना 'धूपछाव आहे का?' असे बायका विचारतात, तेव्हा त्या ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असलेले रेशीम मागत असतात. पैठणपासून जवळच औरंगाबाद. तिथल्या मागांवर हिमरू विणला गेला, सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन. परंपरा सांगते की मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्यामागून आलेल्या कारागिरांनी ही कला इथे रुजवली. त्याच गावात मश्रूही विणला जाई. 'मश्रू' म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. निव्वळ रेशीम पुरुषांना मना आहे. म्हणून विणकरांनी रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा अशी वीण बसवली, की चमक वर राहावी आणि अंगाला सूत लागावे. दीन पाळायचा आणि सौंदर्यही सोडायचे नाही, याचा रस्ता विणकरांनी मागावर शोधला.

कपड्यांबरोबर शब्दही आले. रेशीम, मखमल, अस्तर, पैरण, पायजमा. अस्मानी, गुलाबी, फिरोजी, किरमिजी, खाकी. हे फारसी-अरबी मार्गाने आलेले शब्द मराठी घरात इतके मुरले आहेत की कोणत्याही धर्माची आजी ते आपलेच म्हणून वापरते. मराठीच्या ताण्यात हे बाणे केव्हा गुंफले गेले ते कोणालाच जाणवत नाही.

दोन रंग की दोन तोंडे?

आता या शब्दाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. रंग बदलणे ही स्तुतीही असते आणि शिवीही. 'सरड्यासारखा रंग बदलतो' असे आपण ज्याला म्हणतो त्याला चांगले म्हणत नाही. अरबीतही अबू कलमून ही शिवी झाली. बदीउज्जमान हमदानी (मृत्यू १००८) यांच्या 'मकामात'मध्ये एक बोलका भामटा आहे. एका कथेत तो आंधळ्याचे सोंग घेऊन भीक मागतो, आणि सोंग उघडे पडल्यावर मोठ्या तोऱ्याने स्वतःला अबू कलमून म्हणवतो. जसा प्रसंग, तसा त्याचा रंग. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी दोन तोंडे असलेल्या माणसाला, जो यांच्याकडे एक तोंड घेऊन जातो आणि त्यांच्याकडे दुसरे, लोकांतला सर्वांत वाईट म्हटले आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

मग बूकलमून असणे चांगले की वाईट? हा प्रश्न आम्हा मराठी मुसलमानांना रोज कुठे ना कुठे भेटतो. प्रवासात शेजारी बसलेला माणूस नाव ऐकून म्हणतो, "अरे, तुम्ही मराठी किती छान बोलता!" जणू आम्ही ती कालच शिकलो. आणि लग्नाच्या दावतीत एखादे उर्दू बोलणारे बुजुर्ग म्हणतात, "उर्दू येत नाही? मग कसले मुसलमान?" दोघांनाही आमचा एकच रंग हवा असतो. एकाला दुसरा रंग दिसला की तो चकित होतो, दुसऱ्याला दिसला की तो संशय घेतो. आपली मुले हे दोन्ही ऐकत मोठी होतात. कधी कधी शाळेत एक रंग आणि घरात दुसरा, असे वागायला लागतात. घाबरून रंग लपवणे ही त्यांची सवय होऊ लागली तर ती काळजीची गोष्ट आहे.

त्या मुलांना आम्ही हे कापड दाखवू. धूपछाव कापड कोणाला फसवत नाही. ते शेजाऱ्यासाठी वेगळा धागा आणि पाहुण्यासाठी वेगळा धागा काढत नाही. ताणा पहिल्या दिवशी होता तोच आहे, बाणाही तोच. रंग वेगळा दिसतो तो पाहणारा जिथे उभा आहे त्या जागेमुळे. भामटा मात्र जागा पाहून धागाच बदलतो. बाहेरून दोघेही रंग पालटताना दिसतील, पण हात लावून पाहिले की फरक कळतो. ओसरीवर मराठीत गप्पा मारून मगरिबची अजान होताच वजूला उठणारा माणूस दोन तोंडांचा नाही. बाजारात एक माप आणि मशिदीत दुसरे बोल, असे ज्याचे आहे तो खरा दोन तोंडांचा, मग तो कोणत्याही भाषेत बोलो.

पवित्र कुरआनमध्ये सूरह रूमच्या २२ व्या आयतीत अल्लाहने माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण आपल्या निशाण्यांमध्ये गणले आहे. सूरह फातिरच्या २७ आणि २८ व्या आयतींत फळांचे रंग, डोंगरांतले पांढरे, तांबडे आणि गडद काळे पट्टे, मग माणसे आणि जनावरे यांचे रंग सांगितले आहेत. दोन्ही ठिकाणी रंगांचा विषय ज्ञानवंतांच्या उल्लेखाने संपतो. म्हणजे वेगळेपण पाहून बिथरणे हे अज्ञानाचे लक्षण आणि त्यात निशाणी ओळखणे हे ज्ञानाचे. आणि सूरह बकराच्या १३८ व्या आयतीत 'सिबगतुल्लाह' हा शब्द आला आहे. सिबगा म्हणजे रंगाऱ्याचा रंग, धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरणारा. तो एकदा मुरला की वीण कोणतीही असो, मराठी असो, उर्दू असो, कोकणी असो, तो उतरत नाही.

तेव्हा घरात एखादी धूपछाव साडी किंवा ओढणी असेल तर मुलांना ती उन्हात धरून दाखवा. कोणता रंग उभ्या धाग्याचा आणि कोणता आडव्याचा, ते त्यांना शोधू द्या. आजी-नानींना विचारा की त्यांच्या लहानपणी कोणत्या रंगाला काय म्हणत, कोणत्या कापडाचे काय नाव होते. हे शब्द कागदावर लिहून घ्या. अशी नावे सांगणारी पिढी आता थकत चालली आहे. तुमच्या भागात अशा झळाळीसाठी वेगळा शब्द असेल, मग तो मराठवाड्यातला असो, कोकणातला असो की खानदेशातला, तर आम्हाला पत्राने जरूर कळवा. बूकलमूनच्या शेजारी तोही छापून ठेवू.